सांगलीत २० हजारात घरचा सर्व्हर : पैसे कुठं घालायचे, कुठं वाचवायचे

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. गावभागात (कृष्णाकाठची जुनी सांगली) जुनं दोन मजली घर, घरात पाच माणसं, सगळ्यांचे मोबाइल फोटोंनी भरलेत, गूगलची फुकटची १५ जीबी कधीच संपली. फोटो घरातच साठवायचेत, टीव्हीवर पिक्चर बघायचेत, पुढंमागं चार कॅमेरे लावायचेत आणि तू पुण्याला असताना पण हे सगळं उघडायला पाहिजे. घरी इन्व्हर्टर आहे. बजेट २० हजार. जुना डेस्कटॉप पडून आहे, त्याचाच सर्व्हर (सगळ्यांच्या फाइली ठेवून २४ तास चालणारा कॉम्प्युटर) करू का रास्पबेरी पाय (तळहाताएवढ्या बोर्डवरचा कॉम्प्युटर) घेऊ, असं विचारलंयस.

दोन्ही नको, सेकंड हँड मिनी पीसी घे, म्हणजे पुस्तकाएवढा ऑफिसचा कॉम्प्युटर. पण भावा, मशीन कुठलं हा यातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे आणि सगळे जण त्याच्यावरच महिनाभर डोकं घालवतात. सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यात दवाखाने, दुकानं, घरं अशा ठिकाणी मी हे सेटअप लावतो आणि सांभाळतो, मशीन गेलं म्हणून कुणाचं कायमचं काही गेलं असं बघितलेलं नाही, मशीन दुसरं मिळतं. माणसं हळहळतात ती लेकराच्या बारशाचे फोटो गेले म्हणून, आणि ते जातात वीज, वायर आणि एकाच डिस्कवर सगळं ठेवल्यामुळं. म्हणून मशीनला ८-९ हजारच दे, बाकीचे या तीन गोष्टींसाठी राखून ठेव.

डेस्कटॉप का नको ते सांगतो. तसला जुना टॉवर नुसता बसून पण ६० वॅटच्या आसपास ओढतो, २४ तास चालू म्हटल्यावर महिन्याला ४३ युनिट. मिनी पीसी १२ वॅटच्या आसपास बसतो, म्हणजे ८-९ युनिट. वर्षाचा फरक ४०० युनिटच्या वर जातो, आणि महावितरणचं बिल स्लॅबनं येतं, १०० च्या आत असणारं घर त्या जादा ३५ युनिटमुळं १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये शिरलं की वरचे युनिट महाग दरानं लागतात. फुकटचा म्हणून लावलेला डेस्कटॉप दोनेक वर्षांत मिनी पीसीएवढे पैसे बिलातनं काढून घेतो. त्यातली १ टीबीची हार्ड डिस्क मात्र काढून ठेव, ती पुढं लागणार आहे.

रास्पबेरी पाय चांगली वस्तू आहे, पण ८ जीबीचा बोर्ड, अडॅप्टर, केस, पंखा, एसएसडी (चकती नसलेली वेगवान डिस्क) लावायची सोय असं सगळं धरलं की भाव मिनी पीसीच्या पुढं जातो, आणि मेमरी कार्डावरच चालवला तर सतत लिहून लिहून कार्ड खराब होतं. ऑफिसातनं निघालेले मोठे रॅक सर्व्हर स्वस्त दिसतात म्हणून त्यांच्याकडं पण वळू नको, आवाजानं घरात झोप लागणार नाही आणि वीज १०० वॅटच्या पुढं.

आता मिनी पीसी. डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू, एचपी एलिटडेस्क ८०० जी३ मिनी, यातलं जे नीट मिळेल ते घे. सध्या ही मशीनं बाजारात भरपूर यायला लागलीत त्याला कारण आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळं ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं विकायला काढली. आपल्याला विंडोजऐवजी लिनक्सच टाकायचंय, आपल्याला त्याचं काय. सातवी पिढी बघ, आय५-७५००टी सारखा शेवटी ‘टी’ असलेला प्रोसेसर, तो जोरात चालताना ३५ वॅटचा असतो, नुसता बसून बराच कमी. सहावीपेक्षा सातवी एवढ्यासाठी की आजकालचे बरेच व्हिडिओ १० बिट एचईव्हीसी नावाच्या, दाबून लहान केलेल्या प्रकारात असतात आणि ते हार्डवेअरवर उलगडायची सोय सातव्या पिढीपासून आहे. सहावीवर तेच काम प्रोसेसरवर पडतं, पंखा ओरडायला लागतो आणि टीव्हीवर पिक्चर अडकतो. रॅम ८ जीबी पुरते सुरुवातीला, फक्त दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघ.

घेताना दुकानातच चालू करून बघायचं. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शीर, पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथंच सोड. अडॅप्टर कंपनीचाच आहे का बघ, कारण डेलचं मशीन अडॅप्टर ओळखतं आणि ओळखीचा नसेल तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडून चालतं, मग तू आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसशील. झाकण उघडून अडीच इंची डिस्कचा ट्रे आणि त्याची वायर जागेवर आहे का तेही बघ, सेकंड हँड मालात ती हमखास गायब असते आणि सुटी शोधायला वणवण होते. महिनाभराची तरी वॉरंटी आणि पावती घे, पन्नास रुपये कमी करण्यापेक्षा पावती महत्त्वाची.

आता डिस्क, आणि इथं मी जरा जास्त लिहिणार आहे. आतल्या २५६ जीबी एसएसडीवर फक्त सिस्टीम ठेव. फोटोंसाठी नवी २ टीबीची पोर्टेबल डिस्क घे, मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात लाव आणि परत हात लावू नको, पुढच्या पोर्टात लावली की कुणीतरी पेनड्राइव्ह लावायला ती काढतंच. एक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट कर आणि यूयूआयडीनं, म्हणजे डिस्कच्या ओळख नंबरानं, माउंट कर, म्हणजे सिस्टीमला जोड. एक गोष्ट फार कमी जण सांगतात : रीस्टार्टनंतर काही कारणानं ती डिस्क लागलीच नाही, तर डॉकर (ज्यात फोटोंचं सॉफ्टवेअर चालतं ते) त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे आतल्या छोट्या एसएसडीवर, गुपचूप फोटो लिहायला लागतं, एसएसडी भरते आणि सगळंच बंद पडतं. म्हणून डिस्क लागलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरावर लिहायला बंदी घालून ठेव, ‘चॅटर’ (chattr) कमांडनं एका ओळीत होतं.

सेकंड हँड हार्ड डिस्क घ्यायची असेल तर स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढल्याशिवाय घेऊ नको. त्यात दोन आकडे बघायचे, ५ नंबरचा रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि १९७ नंबरचा पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेल्या जागा), दोन्ही शून्य पाहिजेत. विकणारा ‘चालतीय की’ म्हणेल, चालती सगळ्याच, बंद पडेपर्यंत. डेस्कटॉपातनं काढलेल्या डिस्कचा पण हाच रिपोर्ट आधी काढ.

आणि रेड. रेडबद्दल मी प्रत्येकाला सांगत आलोय की तो बॅकअप नव्हे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणं एवढंच ते आहे, तुझ्या पुतण्यानं चुकून फोल्डर डिलीट केला की दोन्हीकडनं तो एकदमच जाणार. विजेचा दणका बसला की दोन्ही डिस्क एकाच मशीनला लागलेल्या असतात. कमी बजेटमध्ये दुसरी डिस्क रेडमध्ये घालणं म्हणजे ती वाया घालवणं. दुसरी डिस्क बॅकअपला वापर, रेस्टिक नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते जुन्या तारखांच्या प्रती ठेवतं आणि एनक्रिप्ट करून ठेवतं. त्या १ टीबीच्या जुन्या डिस्कला ९०० रुपयांच्या आसपास अडॅप्टरवालं केसिंग मिळतं, त्यात घाल. महिन्यातनं एकदा लावायची, बॅकअप घ्यायचा, काढून ठेवायची. लावूनच ठेवलीस तर ती बॅकअप राहत नाही.

ती ठेवायची कुठं, तर तुझ्या घरात नाही. तू गावभागात राहतोस, तुला महापूर काय सांगायचा. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. त्या वेळी माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली, हार्ड डिस्क कोण आठवणार. म्हणून सर्व्हर, राउटर, स्विच (नेटच्या वायरी जोडायचा डबा) सगळं वरच्या मजल्यावर, कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि खाली येणाऱ्या वायरीसाठी पाईप. आणि ती बॅकअपची डिस्क तुझ्या ताईकडं, विश्रामबागला राहते म्हणालास ना, तिच्या घरी. सुरुवातीला असंच डिस्क नेऊन-आणून कर. पुढं पैसे जमले की ताईकडं एक स्वस्त मशीन कायमचं ठेवायचं आणि रात्री नेटवरनं बॅकअप आपोआप जायला लावायचा, पण पहिली मोठी कॉपी घरातच वायरनं करून मग डिस्क तिकडं न्यायची, नाहीतर ४०० जीबी नेटवरनं ढकलायला दिवसच्या दिवस जातात.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नको. दर दोन-तीन महिन्यांनी त्यातले चार फोटो परत काढून उघडून बघ, आणि रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून ताईकडं दे, तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

विजेकडं येतो. तुझा इन्व्हर्टर आहे हे फार बरं आहे, पण आपल्याकडं बहुतेक घरात इन्व्हर्टरची लाइन फक्त बल्ब-पंख्याला असते. वायरमनला बोलावून वरच्या मजल्यावर, जिथं सर्व्हर ठेवणार तिथं, इन्व्हर्टरचा एक पॉइंट काढून घे, आणि त्या पॉइंटला अर्थिंग खरोखर आहे का ते टेस्टर लावून बघायला सांग, जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेला मागं वायरच नसते. मग इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोडचं, ते यूपीएसवर कर. नॉर्मल मोडला लाइट गेल्यावर बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं, पंख्याला ते कळत नाही म्हणून कुणी ते बटण बघतच नाही. सर्व्हर, राउटर, स्विच आणि ओएनटी म्हणजे फायबरवाल्याचा डबा, चारही याच पॉइंटवर. सर्व्हर चालू आणि नेट बंद असलं तर तू पुण्यातनं काय बघणार.

लाइट लांबली, इन्व्हर्टर उतरला, तर मशीन अचानक बंद पडून डाटाबेस खराब होऊ शकतो. महाग यूपीएस डाटाच्या वायरीनं मशीनला सांगतो की बॅटरी संपत आली, आपला इन्व्हर्टर काही सांगत नाही. त्यावर उपाय असा : इन्व्हर्टरवर नसलेल्या एखाद्या सॉकेटला वायफायचा स्मार्ट प्लग लाव. लाइट गेली की प्लग मरतो, राउटर मात्र चालू असतो. सर्व्हरवर छोटी स्क्रिप्ट टाक, दर मिनिटाला त्या प्लगला पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का’ असं नेटवर्कवरनं विचारायचं, तासभर उत्तर आलं नाही की स्वतःला नीट बंद करायचं. किती वेळ ते तुझ्या बॅटरीवर ठरव. आणि बायोसमध्ये दोन सेटिंग कर. एक, वीज परत आली की आपोआप चालू. दुसरं, रोज सकाळी ठरलेल्या वेळी आपोआप चालू. दुसरं का, तर मशीन नीट बंद झालं आणि इन्व्हर्टर पूर्ण उतरायच्या आधीच लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नसते, ते तसंच बंद पडून राहतं आणि घरचे तुला फोन करत बसतात.

वळवाच्या पावसातली वीज हा वेगळाच विषय. घरातली लॅनची (नेटवर्कची) वायर घरातच ठीक आहे, पण एका घरातनं दुसऱ्या घराला, किंवा शेतातल्या शेडपर्यंत तांब्याची लॅन वायर उघड्यावरनं ओढू नको, एप्रिल-मेमध्ये जवळपास वीज पडली तर त्या वायरीतनं स्विच, मशीन, टीव्ही सगळं जातं. तिथं फायबर टाकायचं, केबलवाले वापरतात तीच साधी ड्रॉप वायर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन वायर एकमेकांना जोडणारे डबे. त्या ड्रॉप वायरीला आधारासाठी लोखंडी तार असते, ती भिंतीपाशीच तोडून बांध, मशीनपर्यंत आत आणू नको.

घरातल्या लॅन वायरिंगला कॅट ६ दर्जाची वायर घे, आणि शुद्ध तांब्याचीच. बाजारात सीसीए नावाची वायर निम्म्या भावात मिळते, आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडनं तार खरवड, आतनं पांढरी निघाली तर परत कर. ती वाकवताना तुटते आणि दोन-तीन वर्षांत कनेक्टरपाशी सैल पडते. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात, त्यातली एखादी तुटली तरी लिंक बऱ्याचदा १०० वर येते आणि वरनं सगळं चालू दिसतं. त्याचा फरक एवढा की १०० च्या लिंकवर सेकंदाला ११-१२ एमबी कॉपी होते, गिगाबिटवर ११० च्या आसपास. अजून एक, बऱ्याच फायबर कनेक्शनसोबत दिलेल्या स्वस्त राउटरचे लॅन पोर्टच १०० चे असतात. म्हणून हजार-बाराशेचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घे आणि सर्व्हर, टीव्ही, वरचा वायफाय सगळं त्यालाच जोड, राउटरला फक्त एक वायर जाऊ दे. लॅनची वायर लाइटच्या वायरीच्या पाईपातनं नेऊ नको, वेगळा पाईप.

जुन्या घरांच्या भिंती जाड, ५ गीगाहर्ट्झचं वायफाय तिथं एका भिंतीतच अर्धं होतं. रिपीटर घेऊ नको. कपाटात पडलेला जुना राउटर असेल तर त्यातलं डीएचसीपी (मशीनांना पत्ते वाटायचं काम) बंद कर, त्याचा पत्ता बदल, आणि खालनं आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात घाल, वॅनमध्ये (बाहेरच्या नेटच्या पोर्टात) नाही. नाव-पासवर्ड दोन्ही मजल्यांना एकच ठेव. झाला वरच्या मजल्याचा वायफाय, शून्य रुपयात.

पुण्यातनं घरचं उघडायचं म्हटलं की सगळे जण पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे राउटरमध्ये बाहेरनं आत यायचं दार उघडणं, करायला जातात आणि ते चालत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघ, तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तू सीजीनॅटच्या मागं आहेस, म्हणजे एकच खरा पत्ता प्रोव्हायडरनं खूप घरांना वाटलेला आहे आणि बाहेरनं तुझ्या दारापर्यंत कुणी येऊच शकत नाही. स्टॅटिक आयपीला, म्हणजे कायमच्या खऱ्या पत्त्याला, पैसे भरू नको, टेलस्केल टाक, ते तुझी मशीनं आपसात खाजगी वाटेनं जोडतं, घरगुती वापराला फुकट आहे. सर्व्हरवर आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकलं की झालं. मी तर सीजीनॅट नसलं तरी हेच सांगतो, कारण उघडा पोर्ट दिसला की जगभरातनं ठोठावणं सुरू होतं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमनं कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर प्रचंड संख्येनं ताब्यात घेतले होते. तसले डीव्हीआर आजही आपल्याकडं दुकानादुकानात पोर्ट उघडून लावलेत, आणि हे बघून मला खरंच काळजी वाटते, त्यात घरातल्या बायका-पोरांचं चित्र असतं.

सॉफ्टवेअरला वेळ घालवू नको. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर डॉकर, फोटोला इमिच, पिक्चरला जेलीफिन. प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक सिस्टीम चालवणारं) वगैरे शिकायचं असेल तर दुसऱ्या मशीनवर शिक, घरच्यांचे फोटो जिथं आहेत तिथं प्रयोग नको. इमिचचा बॅकअप घेताना फोटोंच्या फोल्डरासोबत डाटाबेसची प्रत पण घ्यायची, ती ते स्वतः रोज काढून ठेवतं, तो फोल्डर वगळू नको. जाहिराती अडवणारं पाय-होल पहिल्या सहा महिन्यांत लावू नको, सर्व्हर बंद पडला की अख्ख्या घराचं नेट बंद पडतं आणि मग आई म्हणते काढून टाक ते खोकं.

कॅमेऱ्यांचा हिशोब वेगळा. एक कॅमेरा २ एमबीपीएसनं रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१-२२ जीबी, चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, २ टीबीची डिस्क २३ दिवसांत भरली. म्हणून कॅमेरे फोटोंच्या डिस्कवर अजिबात नको, त्यांना पुढच्या वर्षी वेगळी सर्व्हेलन्सची डिस्क घे. फक्त कॅमेरे घेताना आरटीएसपी, म्हणजे चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची सोय, देतात का हे विचारूनच घे, नाहीतर त्या कंपनीच्या अॅपशिवाय कशालाच जोडता येणार नाहीत.

एकूण बसतं असं : मिनी पीसी साडेआठ हजार, २ टीबी डिस्क साडेसहा, स्विच बाराशे, कॅट ६ आणि कनेक्टर बाराशे, जुन्या डिस्कचं केसिंग ९००, वायरमन ८००. १९ हजार १००. स्मार्ट प्लगला सहा-सातशे धर. भाव हलत असतात, रॅम आणि डिस्कचे तर फारच, पण मशीन महाग मिळालं म्हणून केसिंग आणि वायरमन यातनं कापू नको, कापायचं तर २५६ ऐवजी १२८ ची एसएसडी चालेल.

क्रम पण हाच ठेव : आधी इन्व्हर्टरचा पॉइंट आणि वायरी, मग मशीन. मशीन आल्यावर पहिले दोन आठवडे मोबाइलमधला एकही फोटो डिलीट करू नको, गूगलवरचे पण नको. ताईकडं डिस्क पोचली आणि तिथल्या लॅपटॉपवर त्यातले फोटो उघडून बघितलेस की मग जागा मोकळी कर. ओएनटीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कळव, पासवर्डवर बोट ठेवून फोटो टाकलास तरी चालेल, त्याला ब्रिज मोड (नेट नुसतं पुढच्या राउटरला द्यायची सेटिंग) आहे का आणि लॅन पोर्ट कितीचे आहेत ते बघून सांगतो.